चिंचोके, द्रोण आणि ३६ आठवडे: वाणिज्यच्या वर्गात सिम्युलेशन घेतलं त्याचा सगळा हिशेब

तालुक्याच्या गावातलं अनुदानित कॉलेज, द्वितीय वर्ष बी.कॉम.चा वर्ग, पटावर ४८ मुलं. नव्या शैक्षणिक धोरणात कौशल्याचे पेपर आले. दोन क्रेडिट, ५० गुण, त्यातले २० अंतर्गत. अभ्यासक्रमात ‘कामाच्या ठिकाणी लागणाऱ्या क्षमता’ असं लिहिलेलं होतं आणि खाली संवाद, समूहकार्य, निर्णयक्षमता हे नेहमीचे शब्द. हे फळ्यावर शिकवून येत नाही, म्हणून विभागातल्या आम्ही दोघांनी सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या व्यवहाराची नक्कल करणारा खेळ, घ्यायचं ठरवलं. जून ते सप्टेंबर एवढा काळ गेला. कुणाला आपल्याकडे करायचं असेल तर आमच्या चुका तरी वाचाव्यात.

आधी खेळ कुठला, हा प्रश्न. संगणकावरची तयार पॅकेजेस चांगली आहेत, पण परवाना दर विद्यार्थ्यामागे घ्यावा लागतो, तोही डॉलरमध्ये. आमच्या लॅबमध्ये त्या दिवशी चालू असलेले संगणक होते २२. म्हणून कागदावरचा जुना खेळ निवडला, ज्याला जगभर ‘बिअर गेम’ म्हणतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या स्लोन स्कूलमध्ये प्राध्यापक जे फॉरेस्टर यांच्या सिस्टिम डायनॅमिक्स गटात तो १९६०च्या दशकात आकाराला आला. यात फासे नाहीत, नशिबाचे पत्ते नाहीत, म्हणजे ‘नवा व्यापार’सारखं दान पडलं म्हणून कुणी तरत नाही. चार जागा: दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. प्रत्येकाने दर आठवड्याला एकच ठरवायचं, वरच्याकडे (कारखान्याच्या बाजूच्या शेजाऱ्याकडे) किती ऑर्डर टाकायची, म्हणजे साखळीचा एकूण खर्च कमीत कमी राहील.

बिअर अर्थातच बदलली. आम्ही बिस्किटांचे बॉक्स केले, आणि साखळीला आपल्याकडची नावं दिली: किराणा दुकानदार, स्टॉकिस्ट, सी अँड एफ एजंट (कंपनीचा माल साठवून स्टॉकिस्टांना पाठवणारा), कारखाना. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी किंवा शेजारी दुकान आहे, त्यामुळे स्टॉकिस्ट म्हणजे काय हे समजावण्यात एक मिनिटही गेला नाही. दुधाच्या पिशव्या कराव्यात असंही एकदा मनात आलं होतं, पण दूध नासतं आणि न मिळालेली पिशवी पुढच्या आठवड्यात कुणी मागत नाही. या खेळात न दिलेला माल पेंडिंग राहतो आणि नंतर द्यावाच लागतो, तेव्हा टिकाऊ वस्तूच हवी.

१८ जूनला विभागाच्या बैठकीत विषय मांडला, २१ जूनला प्राचार्यांकडे लेखी अर्ज दिला. अर्जाचा विषय आम्ही भाबडेपणाने ‘बिझनेस गेम आयोजित करण्याबाबत’ असा लिहिला. ‘गेम’ वाचून फाईल जिमखान्याकडे गेली. आषाढीच्या आधीचे दिवस, कार्यालयातली काही माणसं वारीला गेलेली, त्यामुळे ती तिथेच पडून राहिली. ३ जुलैला परत आली ती ‘क्रीडा साहित्याचा तपशील जोडावा’ या शेऱ्यासह. ५ जुलैला नवा अर्ज केला, विषय: ‘कौशल्य अभ्यासक्रमांतर्गत व्यवसाय सिम्युलेशन प्रात्यक्षिक’. सोबत तीन कागद लावले: अभ्यासक्रमातलं संबंधित पान, प्रात्यक्षिकाचे तास कसे मोजणार त्याचा तक्ता (प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट) आणि सीओ-पीओ मॅपिंग (विषयाची उद्दिष्टं पदवीच्या उद्दिष्टांशी कशी जुळतात त्याचा तक्ता). १६ जुलैला मंजुरी आली. शब्द नीट निवडले असते तर पंधरवडा वाचला असता.

सभागृहाचं वेगळं पत्र लागतं. आणि वेळापत्रकाचं त्याहून वेगळं. आमचा तास ४८ मिनिटांचा. खेळ मध्येच तोडून दुसऱ्या दिवशी पुढे नेता येत नाही, कारण दुकानदाराला ग्राहकांची मागणी माहीत असते आणि रात्रीत ती अख्ख्या गावाला कळते. सलग साडेतीन तास हवेत. शनिवार सकाळ मागितली, २ ऑगस्ट मिळाला.

आता साहित्य. एका टेबलावर चार जागा, प्रत्येक जागेवर दोघं, म्हणजे टेबलामागे आठ मुलं. एकानं माल हलवायचा, दुसऱ्यानं वही लिहायची. ४८ मुलांसाठी सहा संच केले. बॉक्स म्हणून चिंचोके वापरले. सुरुवातीला एका टेबलावर ८० लागतात: चार गोदामांत प्रत्येकी १२, आणि वाटेतल्या आठ टप्प्यांत प्रत्येकी ४. पण खेळ रंगात आला की ऑर्डरी तिशी-चाळिशीत जातात, तेव्हा ८० मध्ये काही होत नाही. टेबलामागे २०० चिंचोके आणि दहाच्या मोलाची ४० मोठी बटणं ठेवली, म्हणजे ६०० बॉक्सची सोय. हे पुरलं.

गोदामं आणि वाटेतले टप्पे म्हणून पत्रावळीच्या दुकानातले द्रोण. टेबलाला १२: चार गोदामं, दोन-दोन जागांमध्ये दोन याप्रमाणे सहा, आणि कारखान्याच्या उत्पादनाचे दोन. द्रोण बुडाला गोल असतो, हात लागला की कलंडतो आणि चिंचोके घरंगळत बाकाखाली जातात. डबल टेपचा तुकडा लावून चार्ट पेपरवर चिकटवले. चार्ट पेपरवर जागांची नावं आणि बाण काढून ठेवले, कारण माल डावीकडे सरकतो आणि ऑर्डर उजवीकडे, हे पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येकजण उलटं करतो.

चिठ्ठ्या मोजून घ्या. चार जागा गुणिले ३६ आठवडे म्हणजे १४४, सुरुवातीच्या मांडणीसाठी ‘४’ लिहिलेल्या ७ (दोन-दोन जागांमध्ये दोन अशा सहा, कारखान्याची एक), आणि ग्राहकांच्या मागणीच्या ३६. संचामागे १८७. एका ए-फोर कागदात १६ बसतात. प्रत्येक जागेच्या ऑर्डरचिठ्ठीला वेगळ्या रंगाचा कागद वापरला, त्यामुळे चुकीच्या जागी गेलेली चिठ्ठी लांबूनही ओळखू येते. ग्राहकांच्या गड्डीत पहिले चार आठवडे ४ आणि पाचव्यापासून शेवटपर्यंत ८. एवढंच. एकदा वाढ, मग काही नाही. ही गड्डी पालथी ठेवायची आणि फक्त दुकानदाराने वरची एक चिठ्ठी उचलायची.

खर्च असा झाला: झेरॉक्स साधारण १४० पानं २८० रुपये, बटणं २५०, डबल टेप ८०, चिंचोके दोन किलो ८०, द्रोण १०० चं पाकीट ६०, चार्ट पेपर ६०. एकूण ८१०. चहा-बिस्किटांचे ६०० वेगळे. चिंचोक्यांच्या व्यापाऱ्याकडे छापील बिल नव्हतं. साध्या कागदावर माल, वजन, दर, तारीख आणि सही घेतलेली हातपावती चालली, पण ती आधी विचारून घेतली म्हणून. कपडे शिवणाऱ्या बाईंकडून बटणं स्वस्त मिळत होती, तिथे मात्र पावतीच नव्हती, म्हणून दुकानातून घेतली.

२६ जुलैला तृतीय वर्षाच्या आठ मुलांवर तालीम केली. ही पायरी गाळू नका. दोन तास दिले होते, त्यात २१ आठवडेच झाले, आणि पुढे काय बिघडणार ते सगळं तिथेच दिसलं.

पहिला बिघाड पेंडिंगचा. मागच्या आठवड्याची पेंडिंग ६, नवी ऑर्डर १०, आलेला माल ४. द्यायचे एकूण १६, हातात ४, म्हणजे आता पेंडिंग १२. मुलं दहातून चार वजा करून ६ लिहितात. मागची बाकी विसरतात. एकदा ही चूक झाली की पुढचा सगळा खर्च खोटा, आणि वरच्या जागेला ते कळतही नाही. वहीत आम्ही ‘मागची पेंडिंग’ असा वेगळा रकाना घातला आणि पेंडिंग लाल पेनाने लिहायला लावली.

दुसरा बिघाड वेग. एक जोडी भराभर पुढे जाते, एका आठवड्यात दोनदा माल काढते आणि टेबलाचा ताळमेळ जातो. म्हणून आठवडा एकाच आवाजावर चालला पाहिजे. आम्ही शाळेतली पितळी घंटा आणली. घंटा झाल्याशिवाय द्रोणाला हात नाही.

पायऱ्या पाच. पहिल्या घंटेला जवळच्या द्रोणातला माल गोदामात घ्यायचा आणि मागच्या द्रोणातला पुढच्यात. दुसरीला आलेली ऑर्डरचिठ्ठी उलटायची आणि ती ऑर्डर अधिक मागची पेंडिंग जेवढी भागेल तेवढा माल खालच्याच्या पहिल्या द्रोणात टाकायचा. तिसरीला गोदाम मोजून वही लिहायची. चौथीला मागच्या आठवड्यात टाकलेली चिठ्ठी वरच्याच्या पुढ्यात सरकते आणि कारखाना आपल्या चिठ्ठीएवढा माल पोत्यातून काढून उत्पादनाच्या पहिल्या द्रोणात टाकतो. पाचवीला नवी ऑर्डर लिहून पालथी ठेवायची. डोकं लावायचं ते फक्त पाचवीला, बाकी चार म्हणजे हमाली. पण पाचवीला लिहिलेल्या ऑर्डरचा माल चौथ्या आठवड्यात हातात पडतो, तोही वरच्याकडे साठा असेल तरच. कारखान्याला तीन आठवडे लागतात. शून्य ऑर्डर टाकायची असली तरी ‘०’ लिहिलेली चिठ्ठी टाकायचीच. कोरी जागा राहिली की पुढच्या आठवड्यात कुणाची तरी जुनीच चिठ्ठी पुन्हा वाचली जाते.

खर्चाचा दर: गोदामात पडलेल्या प्रत्येक बॉक्सला आठवड्याला ५० पैसे, पेंडिंग प्रत्येक बॉक्सला १ रुपया. मूळ खेळात हेच आकडे डॉलरमध्ये आहेत. पहिले तीन आठवडे सगळ्यांना ४ च टाकायला सांगायचं, चौथ्यापासून मोकळीक. चार आठवडे झाले की थांबून तपासा: प्रत्येक जागेचा खर्च बरोबर २४ रुपये हवा, कारण १२ बॉक्स, ५० पैसे, चार आठवडे. २४ नसेल तर मांडणीत किंवा वहीत चूक आहे, आणि ती पकडायची शेवटची सोपी वेळ हीच.

२ ऑगस्टला ४३ मुलं आली. पाच टेबलं, ४० मुलं. उरलेल्या तिघांना रिकामं बसवलं नाही: एक ‘बँक’, म्हणजे बटणं मोडून सुट्टे चिंचोके देणारी, एक वह्या तपासणारा, एक फोटोवाला, कारण आयक्यूएसीला (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाला) जिओटॅग, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले चार फोटो लागतात आणि ते नंतर काढता येत नाहीत. बँकेची कल्पना तालमीतून आली. ३७ बॉक्स द्यायचे आणि हातात चारच बटणं, असं सतत होतं आणि सुट्ट्यांवरून एसटीतल्या कंडक्टरसारखी वादावादी होते.

सुरुवातीला ३५ मिनिटं समजावण्यात गेली. मुलांना सांगितलं होतं की ५० आठवडे खेळायचे आहेत. थांबायचं ३६ ला असतं. खरा आकडा सांगितला तर शेवटचे चार-पाच आठवडे सगळे ऑर्डर बंद करून गोदाम रिकामं करत बसतात. हे खोटं बोलणं आहे, आणि खेळ संपल्यावर ते का बोललो हे मुलांना सांगितलंच पाहिजे. खेळाचं नाव मात्र शेवटपर्यंत सांगू नका. मोबाईल बाहेर निघाला की दोन मिनिटांत व्हिडिओ सापडतो.

पहिल्या चार आठवड्यांना प्रत्येकी पाचेक मिनिटं लागली, पुढे दोनवर आलं. पाचव्या आठवड्यात दुकानदारांनी चिठ्ठी उलटली आणि ८ पाहून एकमेकांकडे बघितलं. तोंडातून शब्द काढायचा नाही हा नियम. जागांमध्ये बोलणं बंद, फक्त चिठ्ठी. आठव्या आठवड्यात दुकानदारांच्या वहीत पहिल्यांदा लाल पेन आलं. तिथून सभागृहाचा आवाज बदलला.

एका सी अँड एफ जोडीची वही इथे जशीच्या तशी. आम्ही वहीत ऑर्डरच्या पुढे ‘का?’ असा रकाना ठेवला होता, एक ओळ सक्तीची. दहाव्या आठवड्यात ऑर्डर १६, कारण: ‘मागे पण कमी आला’. अकराव्यात २०: ‘वरचे झोपलेत’. बाराव्यात ३०: ‘एकदाच मोठी टाकतो म्हणजे कळेल’. तेराव्यात पुन्हा ३०, कारणाच्या जागी नुसती वरची दोन टिंबं, म्हणजे वरीलप्रमाणे. मग माल येऊ लागला. सतराव्यात ०: ‘बस्स’. अठराव्यात ०: ‘अजून येतोय!!’. एकोणिसाव्यात गोदामात ७१ बॉक्स, आणि खालच्या स्टॉकिस्टकडून आलेली चिठ्ठी शून्याची. दोघंही द्रोणाकडे बघत बसले होते. वाटेतला माल सगळा वेळ त्यांच्या डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर पडलेला होता.

संगणकावर खेळलं असतं तर हे इतकं दिसलं नसतं. द्रोण महाग पॅकेजपेक्षा सरस ठरतो तो इथे.

छत्तिसाव्या आठवड्याला थांबवलं तेव्हा पावणेदोन तास झाले होते. लगेच चहा द्यायचा नाही. चहाच्या रांगेत दुकानदार सगळं सांगून टाकतात. आधी प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि दुकानदार सोडून बाकीच्यांना सांगितलं, ग्राहकांची मागणी ३६ आठवडे कशी होती असं तुम्हाला वाटतं त्याचा आलेख काढा. डोंगरच डोंगर निघाले. कारखान्याच्या एका मुलीने दिवाळी, मग मंदी, मग लग्नसराई असं खाली लिहूनही टाकलं होतं. ते कागद गोळा केले, मग चहा, आणि चहानंतर ग्राहकांची गड्डी फळ्यावर एकेक करून लावली. ४, ४, ४, ४, ८, ८, ८. दहाव्या चिठ्ठीपर्यंत हसू होतं, पंधराव्यानंतर गप्प.

मग भांडण. ‘सर, यांनी मालच सोडला नाही.’ ‘आमच्याकडे होता कुठे? तुम्ही एकदम तीस टाकले.’ ‘मॅडम, दुकानदाराची चूक आहे, त्यानेच घाबरवलं.’ ही भांडणं तोडू नका, पाच-सात मिनिटं चालू द्या आणि कोण कुणाला काय म्हणालं ते फळ्यावर लिहा. नंतर त्याच यादीकडे बोट दाखवून विचारायचं: ग्राहकाने एकदाच चारचे आठ केले, मग ७१ बॉक्स आणले कुणी?

आमची इथे वेळेची चूक झाली. चर्चेला ४० मिनिटं उरली. निदान तासभर हवा होता. पुढच्या वेळी खेळ ३० आठवड्यांवर थांबवू, पण चर्चा कापणार नाही. नुसता खेळ घेतला तर मुलं घरी जाताना ‘मजा आली’ एवढंच घेऊन जातात.

पाच टेबलांचा एकूण खर्च: १,१४६, १,५०८, १,८९३, २,३१० आणि ३,२७४ रुपये. हे आकडे पाहून मुलं खजील झाली, तेव्हा त्यांना दुसरा आकडा सांगितला. एमआयटीचे जॉन स्टरमन यांनी १९८९ साली या खेळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात टेबलांचा सरासरी खर्च २,०२८ डॉलर आला होता, आणि नीट नियम लावून ऑर्डर दिल्या असत्या तर २०४ वर भागलं असतं. माणसं वाटेवरचा माल हिशेबात धरत नाहीत, हेच त्यांनीही दाखवलं होतं. आमच्या सी अँड एफच्या वहीत तेच लिहिलेलं होतं, वेगळ्या शब्दांत.

गुणांबद्दल स्पष्ट सांगतो. कमी खर्चाच्या टेबलाला जास्त गुण देऊ नका. १,१४६ च्या टेबलावर कारखान्याच्या जोडीला हिशेब उमगलाच नव्हता. ते नवव्या आठवड्यापासून दर वेळी डोळे मिटून १० लिहीत राहिले, आणि त्यामुळेच ती साखळी वाचली. त्यांचा ‘का?’चा रकाना जवळजवळ कोरा. उलट ३,२७४ च्या टेबलावरची स्टॉकिस्टची वही वर्गातली सर्वांत चांगली होती: प्रत्येक बेरीज बरोबर, प्रत्येक कारण लिहिलेलं, आणि चौदाव्या आठवड्यात ‘बहुतेक आपणच जास्त मागवतोय’ अशी ओळ. नोकरीत गेल्यावर वरिष्ठ बघतील ते असली वही. आमचे २० गुण असे वाटले: नोंदवही ८, ऑर्डरमागची कारणं ६, आलेख आणि एक पानी टिपण ४, चर्चा २. पहिल्या टेबलावरच्या मुलांनी तक्रार केली, विभागप्रमुखांपर्यंत गेली. निकष खेळाच्या आधी फळ्यावर लिहिले होते आणि त्याचा फोटो होता, म्हणून निभावलं.

आलेख नंतरच्या आठवड्यात लॅबमध्ये काढले. चारही जागांच्या ऑर्डरी एकाच आलेखावर, चार रंगांत. दुकानदाराची लाट लहान, स्टॉकिस्टची मोठी, सी अँड एफची त्याहून, कारखान्याची सर्वांत उंच. चाबकाची मूठ जराशी हलवली की टोक जोरात फटकारतं, तसं. इंग्रजीत याला ‘बुलव्हिप’ म्हणतात. पुरवठा साखळीचे अभ्यासक हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याची चार कारणं मांडली: प्रत्येकाने आपापला अंदाज धरणं, ऑर्डरी साठवून एकदम टाकणं, किमतींचे चढउतार, आणि टंचाईत जास्त मागून ठेवणं. उदाहरण त्यांनी डायपरचं दिलं: बाळं रोज सारखीच दुपटी ओली करतात, पण कंपनीकडच्या ऑर्डरी उसळतात.

आमच्या मुलांना याहून जवळची उदाहरणं सुचली. महिनाअखेरीस टार्गेट भरायला सेल्समन स्टॉकिस्टच्या गळ्यात माल मारतो, हे एकाने घरचं सांगितलं. स्कीम लागली की बाबा तीन महिन्यांचं साबण भरतात, हे दुसरीने. आणि सॅनिटायझर. मार्च २०२० मध्ये केंद्राने मास्क आणि सॅनिटायझर अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत टाकले, तेव्हा बाटली मिळत नव्हती. साखर कारखान्यांनीही सॅनिटायझर काढलं. नंतर त्याच बाटल्या दुकानांत धूळ खात पडल्या. साखर कारखान्याच्या गावातल्या मुलांना हे पुस्तकातून सांगावं लागत नाही.

२३ ऑगस्टला दुसरी फेरी घेतली, २४ आठवड्यांची. ३९ मुलं आली. काही जोड्यांची तिकडी केली, चार टेबलं मांडली. दोन बदल: ग्राहकांची मागणी फळ्यावर सगळ्यांना दिसेल अशी, आणि वहीत नवा रकाना ‘वाटेवर’. तो काढायचा असा: आजवर टाकलेल्या ऑर्डरी वजा आजवर आलेला माल, सुरुवातीचा आकडा १६, कारखान्याला १२. द्रोणातले चिंचोके मोजून हा आकडा काढू नका. वरच्याकडे पेंडिंग पडलेला माल द्रोणात नसतो, तरी तो आपलाच येणार असतो. ऑर्डर ठरवताना गोदाम आणि ‘वाटेवर’ यांची बेरीज बघायची, एवढीच सूचना. मागणीचा आकारही बदलला, ५ वरून ९ आणि मग ७, नाहीतर सगळे पहिल्याच आठवड्यापासून ८ टाकतात.

तीन टेबलांच्या लाटा बऱ्याच बसल्या, पण सपाट झाल्या नाहीत. चौथ्या टेबलावर वेगळीच गंमत. फळ्यावर ९ दिसताच चारही जागांनी एकाच आठवड्यात साठा वाढवायचं ठरवलं, आणि कारखान्यात पुन्हा ४० च्या ऑर्डरी. माहिती सगळ्यांना मिळाली, पण कोण किती साठा धरणार हे कुणी कुणाशी बोललं नाही. बोलायला बंदी आमचीच होती. पुढच्या वर्षी तिसरी फेरी ठेवू, त्यात दर सहा आठवड्यांनी चौघांची दोन मिनिटांची बैठक, आणि बैठकीचं इतिवृत्त लिहायची सक्ती.

कागदपत्रांत शेवटी लागलं ते असं: सह्यांची उपस्थितीयादी, मंजुरीपत्राची प्रत, चार फोटो, विद्यार्थ्यांचा अभिप्राय, दोन पानी अहवाल, गुणतक्ता. वह्या परत देऊ नका, अंतर्गत मूल्यमापनाचा पुरावा म्हणून मागतात. आम्ही सगळ्या वह्या स्कॅन करून ठेवल्या, एक दुपार गेली. बिलं ३० ऑगस्टला दिली. ‘चिंचोके’ कुठल्या शीर्षाखाली, असं लेखा विभागाने विचारलं. ‘शैक्षणिक साहित्य’ लिहून दिलं. चहा मात्र त्यात बसला नाही. १९ सप्टेंबरला ८१० रुपये जमा झाले, ६०० आमच्या खिशातले. चहासाठी वेगळं ‘आतिथ्य’ शीर्ष असतं आणि त्याची मंजुरी आधी घ्यावी लागते, हे तेव्हा कळलं.

संच विभागाच्या कपाटात आहेत. चौदा बटणं हरवली. चिंचोक्यांना पावसाळ्यात कीड लागते, म्हणून ते कढईत थोडे परतून, गार करून, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासकट बरणीत भरले. चार्ट पेपर गुंडाळून ठेवलेत, द्रोण टाकून दिले. ते दरवर्षी नवे घ्यावे लागतील.